मालिकेतला चेहरा आणि गाण्यातला 'मी'

(भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या भाषणानंतर प्रश्नोत्तरांत एक प्रश्न आला होता. मालिकेत काम करणारा नट स्वतःची गाणीही करत असेल, तर तो हे दोन्ही सांभाळतो कसं? मी तेव्हा वेळेचं नियोजन, शिस्त वगैरे काहीतरी थातुरमातुर बोललो. घरी जाताना बसमध्येच लक्षात आलं की हे उत्तर नव्हे. तर आज त्याच प्रश्नाकडे परत जाऊ. उदाहरणं मुख्यतः अमेरिकेतली घेतो. एक जो कीरी, दुसरा डोनाल्ड ग्लोव्हर. दोघांनी हा प्रश्न अगदी उलट्या टोकांनी सोडवलाय, आणि दोघांची गाणी मी बरीच वर्षं ऐकतोय. मध्येच ह्यू लॉरी येऊन जाईल.

सुरुवात घरातूनच करतो. २०२४च्या सुरुवातीची गोष्ट. माझी भाची फोनवर काहीतरी बघत होती आणि त्यातून एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजत होतं. संथ ठेका, जुन्या वळणाचा सिंथेसायझर, आणि शिकागो शहरात परतल्यावर आपला जुना स्वतः पुन्हा भेटतो असं सांगणारा एक आवाज. मी विचारलं, कोण गातंय हे? ती म्हणाली, 'कोणीतरी जो म्हणून आहे.' गाणं होतं 'एंड ऑफ बिगिनिंग'. चार दिवसांनी तीच पळत आली, 'मामा, अरे तो स्टीव्ह आहे!' स्टीव्ह म्हणजे 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधला स्टीव्ह हॅरिंग्टन, तो भरघोस केसांचा मुलगा. तिने ती सगळी मालिका पाहिलेली. नंतर ती जे बोलली ते मी विसरलो नाही. म्हणाली, 'आता ते गाणं लागलं की मला स्टीव्हच गाताना दिसतो.'

म्हणजे बघा, चार दिवस ते गाणं गाणं म्हणून ऐकलं गेलं. पाचव्या दिवशी चेहरा कळला आणि त्यानंतर ते कधीच तसं ऐकता येणार नव्हतं. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. वेळेची अडचण आहेच, पण ती दुय्यम.

तरी वेळेचं आधी उरकून टाकू, कारण त्यातही एक गंमत आहे. 'स्ट्रेंजर थिंग्ज'चा तिसरा सीझन आला ४ जुलै २०१९ला. कीरीचा पहिला अल्बम 'ट्वेंटी ट्वेंटी' त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. चौथा सीझन आला २०२२मध्ये, मे आणि जुलै अशा दोन भागांत. दुसरा अल्बम 'डिसाइड' पुन्हा सप्टेंबरमध्ये. दोन सीझनच्या मध्ये तीन वर्षं! त्यातला काही काळ तर साथीमुळे शूटिंगच बंद. त्याच मालिकेतली माया हॉक, तिचेही २०२०, २०२२, २०२४ असे अल्बम आले. फिन वुल्फहार्डचा स्वतःचा बँड होता. एका मालिकेतून इतके गाणारे निघावेत यात चमत्कार काही नाही हो, त्यांना सुट्टी होती.

आता आपल्याकडची दैनंदिन मालिका आठवा. आठवड्याला सहा एपिसोड, बारा-बारा तासांच्या शिफ्टा. एपिसोडची बँक करून दोन दिवस मोकळे मिळाले तर माणूस झोपतो, गावी जाऊन येतो. शब्द लिहिणारे नट आपल्याकडे आहेत. 'जत्रा'मधलं 'कोंबडी पळाली' जितेंद्र जोशीने लिहिलंय, हे बऱ्याच जणांना माहीतही नसतं. पण शब्द दोन शॉटच्या मध्ये, मेकअप रूममध्ये बसूनही लिहिता येतात. चाल बांधायची, वाद्यं बसवायची, ध्वनिमुद्रण करायचं, ते न आवडून फेकून द्यायचं आणि पुन्हा करायचं, याला सलग रिकामे दिवस लागतात. तेव्हा आपल्याकडचा एखादा नट 'वेळच मिळत नाही' म्हणतो तेव्हा तो आळशी असतो असं समजू नका. त्याच्या करारातच तो वेळ नाही. एवढंच. वेळेचा मुद्दा संपला.

आता चेहऱ्याचा मुद्दा. इथे कोणीतरी म्हणेल, आपल्याकडे तर नट गातच होते, त्यात नवल काय? बरोबर. गोविंदराव टेंबे घ्या. १९११च्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्या. १९३२मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र तेच, आणि संगीतही त्यांचंच. त्यांना कोणी विचारलं नसेल की बुवा, हे तुम्ही सांभाळता कसं! पण त्या गाण्यात एक सोय होती. पद पात्राचं असायचं. पदातला 'मी' म्हणजे हरिश्चंद्र, भामिनी किंवा धैर्यधर. गाणाऱ्याचा स्वतःचा 'मी' तिथे कोणी शोधत नव्हतं. त्यामुळे नट आणि गवई एकाच देहात सुखाने राहू शकले.

स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, स्वतः गायचं, या आजच्या प्रकारात ती सोय गेली. इथे ऐकणारा धरूनच चालतो की गाण्यातला 'मी' म्हणजे गाणारा. त्याचं शहर, त्याचं प्रेम, त्याची भीती. आणि मालिकेच्या नटाची पंचाईत अशी की आठ-दहा वर्षं त्याने लोकांच्या घरात दुसऱ्याच कोणाचा तरी 'मी' नेऊन बसवलेला असतो. सिनेमाचा नट दर सिनेमात बदलतो, त्याला लोक नट म्हणून ओळखतात. मालिकेचा नट मात्र बाजारात भेटला तरी लोक त्याला पात्राच्या नावानेच हाक मारतात. अशा माणसाने 'मी एकटा आहे' असं गायलं तर लोक म्हणणार, अरे हो, सातव्या एपिसोडमध्ये पण असाच होता.

यावर तोडगे काय? सगळ्यात सुरक्षित तोडगा ह्यू लॉरीचा. 'हाऊस' आठ सीझन चालली, २००४ ते २०१२, एकूण १७७ एपिसोड. ती चालू असतानाच, २०११मध्ये, त्याने 'लेट देम टॉक' नावाचा अल्बम काढला. न्यू ऑर्लीन्सच्या परंपरेतली जुनी ब्लूज गाणी. पियानो उत्तम वाजवतो, गाणी मनापासून म्हणतो. मला तो अल्बम आवडतो. पण गाणी जुनी आहेत, दुसऱ्यांची आहेत. म्हणजे नटाने पुन्हा नटाचंच काम केलं, दुसऱ्याने लिहिलेलं उत्तम म्हटलं. आपला प्रश्न स्वतःच्या गाण्यांचा आहे, त्यामुळे लॉरीला इथेच सोडू.

जो कीरीचा तोडगा वेगळा. हा मुळात शिकागोतला, म्हणजे जन्म तिकडे मॅसॅच्युसेट्सचा, पण नाट्यशिक्षण शिकागोत झालं आणि तिथेच 'पोस्ट ॲनिमल' नावाच्या बँडमध्ये तो गिटार वाजवायचा. २०१६मध्ये मालिका आली आणि बँडबरोबर दौऱ्यावर जाणं थांबलं. २०१९मध्ये तो पुन्हा गाणी घेऊन आला तो नाव बदलून. आपल्या नावातल्या 'जो'च्या आधी एक अनुच्चारित 'डी' लावला. उच्चार तोच, 'जो'! देवनागरीत तर हा मुखवटा लिहितासुद्धा येत नाही. (हशा) आणि मंचावर येताना विग आणि मोठा चष्मा. ज्या केसांवर मालिकेत विनोद झाले तेच केस झाकून टाकले.

याला लोकांनी गंमत म्हटलं. मला त्यात भीती दिसते, आणि ती रास्त आहे. त्याला एवढंच हवं होतं की चार दिवस तरी गाणं गाणं म्हणून ऐकलं जावं. माझ्या भाचीला ते चार दिवस मिळाले, ते त्या विगमुळे. पण आता टीकाकार म्हणून बोलायचं तर त्या काळातली गाणी ऐकताना असं जाणवतं की विग आवाजावरही आहे. 'ट्वेंटी ट्वेंटी'त आवाज मागे ठेवलाय, त्याच्यावर गिटारची आणि इफेक्टची धुक्यासारखी चादर. 'डिसाइड'मध्ये सिंथेसायझर पुढे आले, आवाजावर आवाज चढवले. ऐकायला छान, कारागिरी पक्की. पण माणूस कुठे उभा आहे ते कळत नाही. 'एंड ऑफ बिगिनिंग' त्या अल्बममध्ये उठून दिसतं ते याचमुळे. तिथे एक खरं शहर आहे आणि ते शहर सोडून आलेला एक खरा माणूस आहे. ते गाणं लोकांनी उचललं तेव्हा अल्बम येऊन दीड वर्ष झालं होतं आणि हा बाबा अटलांटात पाचव्या सीझनच्या शूटिंगवर होता.

अटलांटा म्हटलं की दुसऱ्या माणसाकडे यावंच लागतं. डोनाल्ड ग्लोव्हर त्या शहराजवळच वाढला. याचा प्रवास जरा सावकाश बघू, कारण कीरीने जे झाकलं ते याने उघड्यावर केलं, आणि मार खाल्ला.

ग्लोव्हर आधी '३० रॉक' मालिकेच्या लेखकांत होता. मग २००९मध्ये 'कम्युनिटी' सुरू झाली, त्यात तो ट्रॉय बार्न्स. भाबडा, गोड, लोकांचा लाडका. त्याच वेळी तो 'चाइल्डिश गॅम्बिनो' या नावाने रॅप करत होता. हे नाव त्याला इंटरनेटवरच्या एका नावं बनवून देणाऱ्या खेळातून मिळालेलं. 'कम्युनिटी'ला संगीत देणारा लुडविग गोरानसन त्याचा जोडीदार झाला. म्हणजे गाण्याचं घर मालिकेच्या आवारातच बांधलं गेलं.

नोव्हेंबर २०११मध्ये त्याचा 'कॅम्प' अल्बम आला. 'पिचफोर्क'ने त्याला दहापैकी १.६ गुण दिले. एक पूर्णांक सहा! शाळेत असते तर पालकांना बोलावलं असतं. मला तो निकाल अन्यायाचा वाटतो, पण तो का लागला हे कळतं. त्या अल्बमभर ग्लोव्हर सांगतोय की मी गोऱ्यांच्या शाळेतला काळा मुलगा होतो, कोणाच्याच व्याख्येत बसलो नाही. दुखणं खरं आहे. पण प्रत्येक दोन ओळींनंतर एक कोटी येते. ही सवय कुठली? विनोदी मालिकेच्या लेखकांची. तिथे पान रिकामं गेलेलं चालत नाही, दर काही सेकंदांना हशा लागतो. तीच सवय गाण्यात आली आणि जखम दिसायच्या आधीच तिच्यावर विनोदाची पट्टी बसायला लागली. लोकांना ट्रॉय ऐकू आला तो नुसत्या चेहऱ्यामुळे नव्हे. लिहिण्याच्या पद्धतीतच ट्रॉय होता.

आणि गंमत बघा, त्याच अल्बमचं शेवटचं गाणं 'दॅट पॉवर'. त्याच्या शेवटी गाणं थांबतं आणि तो नुसता बोलतो. उन्हाळी शिबिरातून परतणारी बस, एक मुलगा, एक मुलगी, आणि मनातलं सांगून टाकल्यावर झालेली फजिती. कोट्या जवळपास नाहीत. अल्बममधली सगळ्यात खरी मिनिटं ती आहेत, आणि ती गायलेलीच नाहीत, बोललेली आहेत. नट जेव्हा लपवायचं सोडून सरळ नटाचं काम करतो तेव्हा तो प्रामाणिक वाटतो, हा धडा बहुधा त्याला तिथेच मिळाला.

पुढे २०१३. 'कम्युनिटी'च्या पाचव्या सीझनमध्ये तो पहिल्या पाच एपिसोडपुरताच राहिला. लोक म्हणाले, रॅपसाठी मालिका सोडली. त्यावर त्याने हॉटेलच्या कागदांवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या इंटरनेटवर टाकल्या. त्यांत मुख्यतः भीतीची यादी होती, कशाकशाची भीती वाटते त्याची. मला त्या चिठ्ठ्या या विषयातला फार महत्त्वाचा कागद वाटतात. ज्याला आपण 'दोन्ही उत्तम सांभाळतो' म्हणतो, तो आतून असा होता. त्याच डिसेंबरात 'बिकॉज द इंटरनेट' आला, सोबत ७२ पानांची पटकथा. गाणी ऐकताना ती वाचायची. इथे त्याने सीमाच पुसायला घेतली.

आणि मग २०१६. सप्टेंबरमध्ये त्याची स्वतःची मालिका 'अटलांटा' सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये 'अवेकन, माय लव्ह!' हा अल्बम आला. तीन महिन्यांत दोन्ही! यात त्याची जी हुशारी आहे ती नीट बघा. 'अटलांटा' आहे एका रॅपरबद्दल. पण रॅपरची भूमिका त्याने स्वतःकडे ठेवली नाही. ती ब्रायन टायरी हेन्रीला दिली. स्वतः घेतली त्या रॅपरच्या चुलतभावाची, अर्नची, जो त्याचा धंदा बघतो, पैशांची वाट बघतो, दारात उभा राहतो. ज्याला गाता येतं त्याने न गाणाऱ्याचं काम केलं. त्यामुळे मालिकेत त्याचा चेहरा गाण्यापासून सुटला. आणि तिकडे अल्बममध्ये त्याने रॅपच सोडला. सत्तरच्या दशकातलं फंक, आणि 'रेडबोन'मध्ये इतका वरचा, खरखरीत स्वर की कोण गातंय ते सांगावं लागतं. कीरीने विग डोक्यावर घातला, ग्लोव्हरने गळ्यात घातला. माझ्या मते 'रेडबोन' हे त्याचं सगळ्यात चांगलं गाणं. २०१७च्या 'गेट आउट' सिनेमाच्या सुरुवातीला ते वाजतं आणि तिथे ग्लोव्हरची आठवणही येत नाही. गाणं आपल्या पायावर उभं आहे.

'धिस इज अमेरिका'बद्दल मात्र माझं मत थोडं अप्रिय आहे. मे २०१८. व्हिडिओ हिरो मुराईने केला, जो 'अटलांटा'चाही दिग्दर्शक. २०१९मध्ये त्याला चार ग्रॅमी मिळाली, घ्यायला ग्लोव्हर गेलाच नाही. व्हिडिओ अफाट आहे. तो चेहरा, हसता हसता एका क्षणात गोठणारा, ते नाच आणि गोळ्या. पण डोळे मिटून नुसतं गाणं ऐका. मी बऱ्याचदा ऐकलंय. निम्मं उरतं. नटाचा चेहरा नको म्हणून जो इतका झगडला, त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याला त्याचा चेहराच लागतो. सीमा पुसण्याची ही किंमत आहे. पटकथा, व्हिडिओ, पुढे २०१९मधला 'ग्वावा आयलंड' हा सिनेमा, प्रत्येक वेळी गाण्याला पडदा हवा.

दुसरी किंमत शरीराची. २०२२मध्ये 'अटलांटा' संपली. २०२४मध्ये चाइल्डिश गॅम्बिनो या नावाचा शेवटचा म्हणून 'बँडो स्टोन अँड द न्यू वर्ल्ड' आला, आणि त्याचा दौरा प्रकृतीमुळे अर्धवट थांबवावा लागला. यावर मी जास्त बोलत नाही. पण 'दोन्ही सांभाळतो' हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो तेव्हा सांभाळणारा देह एकच असतो.

आता परत कीरीकडे, कारण एप्रिल २०२५मध्ये त्याचा 'द क्रक्स' आला आणि माझं त्याच्याबद्दलचं मत मला थोडं बदलावं लागलं. विग गेला. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत, म्हणजे जिमी हेंड्रिक्सने उभारलेल्या त्या जागेत, त्याने गिटार आणि आवाज पुढे ठेवून गाणी केली. दोष आहेत, लपवत नाही. कित्येक गाण्यांत साठ-सत्तरच्या दशकांतल्या कुठल्या ना कुठल्या जुन्या बँडची सही-सही नक्कल ऐकू येते, जणू नट एकेका बँडची भूमिका करतोय. एखादा कंटाळून म्हणेल की यात तू कुठे आहेस? पण 'चार्लीज गार्डन' ऐका. चार्ली म्हणजे चार्ली हीटन, त्याच मालिकेतला सहकलाकार. मित्राच्या बागेत बसून राहण्याचं गाणं. 'बॅक ऑन यू' बहिणींबद्दलचं. इतकी वर्षं ज्या मालिकेपासून तो आपली गाणी लपवत होता, तिच्याच दिवसांतून गाणं आलं, आणि त्यात स्टीव्ह कुठेही नाही. नोकरीतलं पात्र गाण्यात आलं नाही, नोकरीच्या जागचा मित्र आला. कारखान्यातल्या माणसाने पाळी संपल्यावर कट्ट्यावरच्या दोस्ताबद्दल गावं, तसं. मला वाटतं हे त्याला आधी जमलं नसतं. आपल्याला कोणी ओळखेल ही धास्ती गेल्याशिवाय असं साधं गाणं सुचत नाही.

आणि त्याच वर्षी आणखी एक झालं, ज्याची चर्चा कमी झाली. मालिकेमुळे ज्या 'पोस्ट ॲनिमल'चे दौरे सुटले होते, त्यांच्या 'आयर्न' या अल्बमवर तो परत आला. जुलै २०२५. त्याच्या दौऱ्यातही तेच मित्र बरोबर होते. तिथे तो नायक नाही, बऱ्याच जणांतला एक आहे.

तो अल्बम मी भाचीला ऐकवला. तिने दोन-तीन गाणी ऐकली आणि विचारलं, 'मामा, यात स्टीव्ह कुठला?' मी म्हटलं, बघ, ती डावीकडची गिटार असेल. की उजवीकडची? मलाही नीट ओळखू येत नाही.

बरं, प्रश्न असतील तर घेऊ. आधी जरा पाणी द्या.